प्रदर्शनातील वजन: आठ दिवसांचे की तीन महिन्यांचे?

पशुप्रदर्शनाचा हंगाम जवळ आला की अनेक गोठ्यांत खुराक एकाएकी वाढतो. वर्षभर कडबा आणि थोडी पेंड खाऊन राबलेल्या बैलापुढे अखेरच्या आठवड्यात मक्याचा व गव्हाचा भरडा आणि गूळ यांची पाटी भरून ठेवली जाते. आपले जनावर भरदार दिसावे, ही पशुपालकाची इच्छा स्वाभाविक आहे. परंतु हा मार्ग जनावराच्या जिवावर बेतू शकतो.

साधे गणित पाहावे. ३० किलो वजन ९० दिवसांत वाढवायचे असल्यास रोज सुमारे ३३० ग्रॅम वाढ पुरते. तेच वजन १० दिवसांत हवे असल्यास रोज ३ किलो वाढ लागेल. एवढ्या वेगाने मांस चढत नाही; वाढतो तो पोटातील चारा आणि पाणी. एका वेळी प्यायलेले ३० लिटर पाणी काट्यावर ३० किलोच भरते. दुसऱ्या दिवशी ते उरत नाही.

कोठीपोटातील सूक्ष्मजीवांना नव्या खाद्याची सवय होण्यास दोन ते तीन आठवडे लागतात. पिष्टमय खाद्य एकदम वाढल्यास लॅक्टिक आम्ल साचते, रवंथ मंदावते, पातळ शेण पडते, पुढे खुरांना सूज येते. तीव्र आम्लतेत जनावर एक-दोन दिवसांत दगावू शकते. वळूच्या बाबतीत अतिरिक्त चरबी वृषणकोषाच्या वरच्या भागात साचून वीर्याची प्रत घसरते. म्हणजे पैदाशीसाठी निवडलेला विजेता पैदाशीतच उणा ठरतो.

म्हणून तयारी तीन महिने आधी सुरू करावी. दर पंधरवड्याला, शक्यतो सकाळी चारापाण्यापूर्वी, वजनाची नोंद घ्यावी. काटा नसल्यास छातीच्या घेराचा वर्ग गुणिले शरीराची लांबी, दोन्ही इंचांत, भागिले ६६० या सूत्राने अंदाजे किलो मिळतात. घेर ७० आणि लांबी ५५ इंच असल्यास वजन सुमारे ४०८ किलो येते. खुराक टप्प्याटप्प्याने वाढवावा, वैरण तोडू नये आणि शेवटच्या पंधरवड्यात खाद्यात कोणताही बदल करू नये. पाणी नेहमी उपलब्ध असावे. मिरवण्याआधी तहानलेले ठेवून नंतर पोट फुगेस्तोवर पाजणे क्रूर आहे.

तथापि सारा दोष पशुपालकाच्या माथी मारणे न्याय्य नाही. परीक्षक भरदारपणालाच गुण देत असतील, तर गोठ्यात तेच पिकणार. खिलार हा चपळ, काटक, ओढकामाचा गोवंश आहे. चरबीने गोलावलेला खिलार बैल त्या जातीचा आदर्श कसा ठरेल? परीक्षकांनी बरगड्यांवर हात ठेवून १ ते ५ या शरीरस्थिती गुणांकाने पारख करावी, बैलाला चालवून पाहावे आणि तीन महिन्यांची वजननोंद मागावी. विस्तार कार्यकर्त्यांनी हा आग्रह आयोजकांकडे धरावा. नोंदवहीला गुण मिळू लागले, की आठवड्याच्या खुराकाचा मोह आपोआप ओसरेल.