फ्रँक राइकार्ड : दोन पर्वांमधला विसरलेला दुवा

१/ बार्सिलोनाचा इतिहास सांगताना आपण योहान क्रायफवरून थेट पेप गार्डिओलावर उडी मारतो. मधली पाच वर्षे सांभाळणाऱ्या राइकार्डवर हा अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

२/ खेळाडू म्हणून त्याची थोरवी निर्विवाद. मिलानकडून १९८९ व १९९० चे युरोपियन चषक. दुसऱ्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल त्याचाच. १९९५ मध्ये आयॅक्सकडून त्याच मिलानला नमवून तो निवृत्त झाला.

३/ प्रशिक्षकपदाची सुरुवात मात्र ठेचांनी झाली. २००० च्या युरो स्पर्धेत सहयजमान नेदरलँड्सने उपांत्य फेरीत इटलीविरुद्ध खेळ चालू असताना दोन पेनल्टी दवडल्या, शूटआउटमध्ये आणखी तीन! राइकार्डने तत्काळ पद सोडले. पुढे त्याच्या कारकिर्दीत, २००२ मध्ये, १८८८ साली स्थापन झालेला स्पार्टा रॉटरडॅम इतिहासात प्रथमच खालच्या श्रेणीत घसरला. आणि अशा माणसाला वर्षभरात बार्सिलोनाने बोलावले.

४/ पहिला हंगाम अडखळत सुरू झाला. जानेवारीत एडगर डाविड्स आला आणि संघ दुसऱ्या स्थानापर्यंत चढला. १६ ऑक्टोबर २००४ रोजी सतरा वर्षांच्या मेस्सीला लीगमध्ये प्रथम उतरवले ते राइकार्डनेच. २००५ व २००६ ची लीग, आणि पॅरिसमध्ये आर्सेनलला २-१ ने हरवून चॅम्पियन्स लीग.

५/ शेवटच्या दोन वर्षांत शिस्त ढासळली, हे मान्य. पण २००८ मध्ये गार्डिओलाच्या हाती आलेले पुयोल, झावी, इनिएस्ता, मेस्सी हे राइकार्डच्या युरोपविजेत्या चमूतलेच होते.