वर्णनाप्रमाणे नाही

मागच्या वेळी आपण घरातल्या सगळ्यांचे पासवर्ड सांभाळायचे कसे, यावर बोललो होतो. या वेळचा विषय पैशांचा आहे आणि थोडा हक्काचाही. ऑनलाइन लिलावात बोली लावून घेतलेली वस्तू जाहिरातीतल्या वर्णनासारखी निघाली नाही, तर पैसे परत मिळतात का? बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते, ‘लिलाव आहे, जे पदरात पडेल ते आपले.’ हे उत्तर चुकीचे आहे. का, ते नुकत्याच आलेल्या अनुभवावरून सांगतो.

बाबांनी पहिल्या पगारातून एचएमटीचे ‘पायलट’ घेतले होते. काळे डायल, चावीचे मशीन. पुढे ते रेल्वेच्या प्रवासात चोरीला गेले. या वर्षी बाबांना सत्तर पूर्ण होणार होती, म्हणून मी तसेच घड्याळ शोधत होतो. एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला १९६१ साली घड्याळे बनवायला सुरुवात केली. घड्याळांचा हा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला आणि जुन्या घड्याळांच्या मागे लोक लागले. मागणी वाढली तशी जुने डायल खरवडून, नव्याने रंगवून, वर पुन्हा अक्षरे छापून विकणारेही वाढले. डायल रंगवणे हा काही गुन्हा नाही. तसे सांगून विकले तर ज्याला हवे तो घेईल, कमी भावात घेईल. रंगवलेले डायल ‘मूळ’ म्हणून विकले, की मात्र ती फसवणूक होते.

एका लिलावाच्या साइटवर मला हवे तसे घड्याळ दिसले. वर्णनात लिहिले होते, ‘डायल मूळ, कधीही रंगवलेले नाही.’ बोली लावण्याआधी साइटच्याच मेसेजमधून मी विक्रेत्याला पुन्हा विचारले. उत्तर आले, ‘शंभर टक्के ओरिजिनल.’ मी ७,४०० रुपयांना बोली जिंकली. घड्याळ आले, चालूही होते. पण अक्षरे जाड आणि पसरट, मिनिटांच्या रेघा एकसारख्या अंतरावर नाहीत. राजवाड्याजवळ बसणाऱ्या घड्याळवाल्या काकांनी डोळ्याला भिंग लावले आणि अर्ध्या मिनिटात सांगितले, ‘रंगवलेलं आहे. मधल्या भोकाच्या काठावर रंग उतरलाय बघा.’

घरी बाबा म्हणाले, ‘अरे, चालतंय ना? मग जाऊ दे. एवढ्याशा पैशासाठी कुणाच्या मागे लागतोस?’

मी म्हटले, ‘बाबा, तुम्ही ते हातात घालाल आणि मला दर वेळी ते खोटे डायल दिसेल.’ त्यांना ते पटले नाही. दोन दिवस आमच्यात थोडा अबोलाच होता. शेवटी मी त्यांना विक्रेत्याचे पान दाखवले. त्याने अशी शेकडो घड्याळे विकलेली होती. प्रत्येक घरात एक जण ‘जाऊ दे’ म्हणणारा असतो आणि अशा विक्रेत्याचे दुकान त्या माणसावरच चालते. बाबा फक्त ‘बरं’ म्हणाले.

आता कायद्याचे. विक्रेत्याचे पहिले उत्तर असे होते, ‘लिलाव अंतिम असतो. नो रिटर्न लिहिले आहे.’ अर्धे खरे आहे. आपल्याकडे १९३० चा माल विक्री कायदा आहे. त्याच्या कलम ६४ प्रमाणे हातोडा पडला की लिलावातला सौदा पूर्ण होतो. पण त्याच कायद्याचे कलम १५ सांगते, की वर्णनावरून वस्तू विकली, तर ती त्या वर्णनाशी जुळली पाहिजे, ही अट सौद्यात गृहीतच असते. म्हणजे सौदा पूर्ण झाला हे खरे, पण कोणत्या वस्तूचा? न रंगवलेल्या डायलच्या घड्याळाचा. ती वस्तू मला मिळालेलीच नव्हती.

याशिवाय २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे आणि त्याखालचे २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत. जाहिरातीत सांगितलेले गुण वस्तूत नसतील, तर अशा साइटवरून माल विकणाऱ्याला तो परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही, असे हे नियम म्हणतात. साइटने तक्रार अधिकारी नेमला पाहिजे, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच दिली पाहिजे आणि एका महिन्यात तिचा निकाल लावला पाहिजे, हेही त्यांत आहे. एक अपवाद लक्षात ठेवा. कुणी आपल्या घरातली एखादी जुनी वस्तू एकदाच विकत असेल, धंदा म्हणून नाही, तर त्या माणसाला ई-कॉमर्सचे हे नियम लागू होत नाहीत. कलम १५ मात्र तिथेही आहेच. माझा विक्रेता सरळसरळ धंदा करत होता.

आपली बाजू कुठे कमकुवत असते, तेही बघून ठेवायला हवे. ‘सुंदर’, ‘दुर्मीळ’, ‘संग्रही हवेच’ ही कौतुकाची भाषा झाली, तिच्यावर भांडता येत नाही. फोटोत स्पष्ट दिसणाऱ्या ओरखड्याबद्दल नंतर तक्रार करता येत नाही. ‘आता नको वाटते’ एवढ्या कारणावर वस्तू परत घ्यायला विक्रेता आपल्याकडे बांधलेला नाही. त्याने किंवा साइटने तशी सवलत दिली असेल तरच. तपासून बघता येईल असे एखादे विधान वर्णनात हवे आणि ते खोटे ठरायला हवे.

म्हणून पुरावा बोली लावायच्या दिवसापासून गोळा करायचा. लिलाव संपला की जाहिरातीचे पान कधीही बदलू शकते किंवा निघून जाऊ शकते. मी बोली लावायच्या आधी पूर्ण पानाचे स्क्रीनशॉट तारखेसह ठेवले होते. पाकीट उघडताना एकच सलग व्हिडिओ घेतला, त्यात पत्त्याचा कागद आणि घड्याळाच्या मागच्या झाकणावरचा क्रमांक दोन्ही दिसतात. घड्याळवाल्या काकांकडून त्यांच्या बिलबुकावर तीन ओळींचा अभिप्राय लिहून घेतला. विक्रेत्याशी सगळे बोलणे साइटच्याच मेसेजमध्ये ठेवले. ‘व्हॉट्सॲपवर या, मिटवून टाकू’ असा निरोप आला, त्याला मी नम्रपणे नाही म्हटले.

पहिला मेसेज लिहिताना राग बाजूला ठेवायचा. माझा मेसेज असा होता :

‘तुमच्या जाहिरातीत “डायल मूळ, कधीही रंगवलेले नाही” असे लिहिले आहे. मिळालेल्या घड्याळाचे डायल पुन्हा रंगवलेले आहे. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पाकीट उघडतानाचा व्हिडिओ आणि घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचा लेखी अभिप्राय सोबत जोडला आहे. वस्तू वर्णनाप्रमाणे नसल्यामुळे ती परत घेऊन ७,४०० रुपये सात दिवसांत परत करावेत. परत पाठवण्याचा खर्च तुमच्याकडे राहील.’

‘चोर’, ‘फ्रॉड’, ‘पोलिसात जाईन’ यांतले काहीही नाही. हा मेसेज पुढे तिसऱ्या माणसाने वाचायचा असतो आणि त्याला एका मिनिटात सगळे कळले पाहिजे.

विक्रेत्याने ५०० रुपये परत देऊ केले, बदल्यात पाच तारे मागितले. मी घेतले नाहीत. थोडे पैसे घेऊन ‘विषय मिटला’ असे एकदा लिहून दिले, की पुढे आपलीच अडचण होते. मग साइटकडे तक्रार केली. दोन दिवसांत ठरावीक साच्याचे उत्तर आले, ‘आम्ही फक्त मध्यस्थ आहोत.’ इथे बरेच जण थांबतात. मी साइटच्या तळाशी बारीक अक्षरात दिलेला तक्रार अधिकाऱ्याचा ईमेल शोधला आणि तोच मजकूर, तेच पुरावे आणि ई-कॉमर्स नियमांचा उल्लेख करून पाठवला. पोच आली, पण पुढे आठवडाभर शांतता. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. हेल्पलाइन हे न्यायालय नव्हे, ती कुणाला आदेश देत नाही. पण तक्रार नोंद क्रमांकासह कंपनीपर्यंत पोहोचते आणि साच्यातली उत्तरे थांबतात. आठ दिवसांत घड्याळ न्यायला कुरियरचा माणूस आला. देण्याआधी मी घड्याळाचा आणि पॅकिंगचा पुन्हा व्हिडिओ घेतला. पहिल्या मेसेजपासून एकतिसाव्या दिवशी पूर्ण रक्कम खात्यात जमा झाली.

तरीही पैसे आले नसते तर? पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने एक मोठी सोय केली आहे. विक्रेता कुठल्याही राज्यातला असो, तक्रार आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या ठिकाणी करता येते. माझ्या बाबतीत ते इंदूर झाले असते, तुमच्या बाबतीत बडोदा, बेळगाव किंवा हैदराबाद. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी फी नाही, वकील सक्तीचा नाही, ‘ई-जागृती’ पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल होते आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. कार्डाने पैसे भरले असतील, तर बँकेकडे ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ या कारणाने व्यवहाराला हरकतही घेता येते. तिची मुदत मात्र कमी असते, म्हणून बँकेला लगेच कळवावे.

बाबांचा वाढदिवस घड्याळाशिवायच झाला. मी अजून शोधतो आहे. परवा त्या विक्रेत्याचे पान उघडून बघितले, तर एका काळ्या पायलटखाली नवीन ओळ दिसली, ‘डायल पुन्हा रंगवलेले आहे.’ बोलीची सुरुवातही बरीच खालून होती. ती ओळ मी बाबांना वाचून दाखवली. चष्मा पुसत ते म्हणाले, ‘मग आता घेणाऱ्याला कळेल तरी.’

पुढच्या वेळी बघू या, जुना फोन विकण्याआधी त्यातून काय काय पुसायचे ते. तोवर कुणाच्या घरात अशी एखादी ‘जाऊ दे’ म्हणून कपाटात ठेवलेली वस्तू असेल, तर खरेदीची तारीख बघून घ्या. दोन वर्षे उलटली नसतील तर अजून वेळ आहे.