शिक्षकाचे मत आणि विद्यार्थ्याचे गुण

शिक्षकाने वर्गात स्वतःची मते मांडावीत की नाही, हा वाद आपल्या देशात अधूनमधून उफाळून येतो आणि तक्रार, खुलासा, चौकशी या ठरलेल्या वाटेने शमतो. प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला यात एक विसंगती जाणवते. शिक्षकाच्या ज्या मतांची आपण धास्ती घेतो, ती बहुधा कमी धोक्याची असतात. जी विद्यार्थ्याचे खरे नुकसान करतात, त्यांची फाईल कधी उघडतच नाही.

पहिल्या प्रकारच्या मतांचे गाजलेले प्रकरण कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजातले. हेन्री डेरोझिओ या तरुण शिक्षकावर विद्यार्थ्यांना नास्तिक बनवल्याचा आरोप झाला आणि १८३१ साली त्याला राजीनामा द्यावा लागला. होरेस विल्सन यांना लिहिलेल्या खुलाशात त्याने कळवले की, ईश्वराच्या अस्तित्वाबाबत ह्यूमचा संशयवाद आपण शिकवला, तशी त्याला रीड आणि स्ट्यूअर्ट यांनी दिलेली उत्तरेही शिकवली. पुढे त्याच्या शिष्यांपैकी कृष्णमोहन बंदोपाध्याय ख्रिस्ती धर्मोपदेशक झाले, रामतनू लाहिरी ब्राह्मो विचारांकडे वळले आणि राधानाथ सिकदार सर्वेक्षण खात्यात गणिती म्हणून नावारूपाला आले. गुरू एकच, पण शिष्य तीन दिशांना गेले. दोन्ही बाजू ऐकलेला विद्यार्थी गुरूची नक्कल करीत नाही, हाच त्याचा अर्थ.

दुसरे उदाहरण माझ्या विषयातले, अर्थशास्त्रातले आहे. डॉ. आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध १९२३ साली लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्याला प्रस्तावना लिहिणारे त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांना त्यातील बहुतेक युक्तिवाद मान्य नव्हते आणि तसे त्यांनी तिथेच नोंदवले. तरीही लेखकाच्या विचारांतील ताजेपणाचे त्यांनी मोकळेपणाने कौतुक केले. शिक्षकाने मत लपवले नाही, विद्यार्थ्यानेही आपले सोडले नाही.

आता दुसरा प्रकार पाहू. शिक्षकाचे जगाविषयीचे मत नव्हे, तर समोरच्या मुलाविषयीचे मत. ते भाषणात येत नाही. ते कोणाला प्रश्न विचारायचा, कोणाला मागच्या बाकावर सोडून द्यायचे, यातून प्रकटते. रेमा हॅना व ले लिंडेन या अर्थशास्त्रज्ञांनी भारतातील शिक्षकांवर केलेला प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध केला. उत्तरपत्रिकांना जात, वय इत्यादी माहिती यदृच्छेने जोडून त्या तपासायला दिल्या. कनिष्ठ मानलेल्या जातीची नोंद असलेल्या उत्तरपत्रिकांना थोडे, परंतु निश्चित कमी गुण मिळाले. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे हा भेद प्रामुख्याने त्याच जातींतील परीक्षकांकडून झाला. म्हणजे हा केवळ द्वेषाचा प्रश्न नाही. समाजाने रुजवलेली अपेक्षा माणूस नकळत लाल शाईने लिहून काढतो.

बदलीच्या नोकरीमुळे परप्रांतात राहणाऱ्या आपल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. मुलाचे हिंदी कच्चे असले की मूलच कच्चे ठरवले जाते, आणि चार महिन्यांत ते मूलही तसे मानू लागते.

यावर उपाय काय? शिक्षकाने मत मांडूच नये, हा उपाय मला पटत नाही. सरकारी नोकराला राजकारणापासून दूर ठेवणारे १९६४ चे आचरण नियम योग्यच आहेत. पण मतहीन शिक्षक निर्माण करणे हा त्यांचा हेतू नव्हे. मत मांडताना ते मत म्हणून मांडावे, विरुद्ध बाजू तितक्याच ताकदीने सांगावी आणि विरुद्ध उत्तराला पूर्ण गुण देण्याची तयारी ठेवावी, एवढे पुरे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्येही मुलाला भयमुक्त करून मोकळेपणाने मत मांडू देण्याची अपेक्षा आहेच.

दुसऱ्या प्रकारासाठी मात्र उपदेश नव्हे, व्यवस्था हवी. केंद्रीय मंडळाच्या दहावीच्या लेखी परीक्षेत परीक्षकाला नाव दिसत नाही. अंतर्गत २० गुण मात्र ओळखीच्या हातात असतात. शाळेतील नियतकालिक चाचण्यांच्या उत्तरपत्रिकांवर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक घालून त्या दुसऱ्या तुकडीच्या शिक्षकाने तपासाव्यात. याला ना नवा कायदा लागतो, ना अर्थ खात्याची मंजुरी. मुख्याध्यापकांचे एक परिपत्रक पुरते.

मतांचा वाद जाहीरपणे होतो, म्हणून त्याला उत्तरही मिळते. गुणपत्रिकेत लपलेल्या मताला मूल उत्तर देऊ शकत नाही. प्रशासनाने आपले लक्ष प्रथम तिकडे वळवावे.