म्हातारीच्या हातची चिठ्ठी

मोहाडीची एखादी वृद्धा भंडाऱ्याला किंवा नागपूरला प्रकृती दाखवून घरी परतते, तेव्हा तिच्या हाती औषधांची चिठ्ठी असते. तीवर ‘बीडी’ म्हणजे दिवसातून दोनदा, ‘टीडीएस’ म्हणजे तीनदा. ही लॅटिन रूपे! रोमचे साम्राज्य केव्हाच लयास गेले. त्याची भाषा मात्र धानाच्या या मुलखात म्हातारीच्या प्राणांशी अद्याप खेळते आहे. मधुमेहाची गोळी चुकून दुप्पट घेतली गेली, तर रक्तातील साखर एकाएकी उतरून जिवावर बेतू शकते.

२०१६ साली भारतीय वैद्यक परिषदेने औषधांची नावे सुवाच्य लिहावीत, असे डॉक्टरांना बजावले. पण अक्षर लागले, तरी अर्थ कसा लागणार? महाराष्ट्राने १९६४ च्या अधिनियमाने मराठीला राजभाषा केले; ती औषधाच्या चिठ्ठीवर कधी उतरणार?

डॉक्टरांना वेळ अपुरा पडतो, हे आम्ही जाणतो. तथापि ‘सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर’ एवढे ठळक मराठीत लिहून, झाडीबोलीत समजावून, ते म्हातारीच्याच तोंडून वदवून घेण्यास परिचारिकेला वा औषधविक्रेत्याला दोन मिनिटे पुरतात. शासनाने तसा दंडक घालावा. आणि आमच्या सुशिक्षित वाचकांनी? त्यांनी आज रात्रीच आपल्या वडीलधाऱ्यांजवळ बसून त्यांची चिठ्ठी त्यांना वाचून दाखवावी!