बंदूक पुसायला बाई, धरायला?

गेल्या पोळ्याला आम्ही सगळे नेरला जमलो होतो. बैलांची पूजा झाली, पुरणपोळी झाली आणि दुपारी ओसरीवर सगळे पसरले असताना माझ्या पुतणीनं एकदम विचारलं, "मोठी आई, आजोबांची बंदूक आहे ना घरात? मग मला क्ले पिजनचा सराव तिच्यावरच करता येईल की!"

ओसरीवर क्षणभर शांतता. मग दीर हसले. जाऊबाईंनी पोरीकडे डोळे वटारले. सासूबाई मात्र शांतपणे सुपारी कातरत राहिल्या.

पुतणी अकरावीपासून एनसीसीत आहे. कॅम्पमध्ये तिनं पॉइंट टू-टू रायफल चालवली, नेम बरा लागला, आणि तेव्हापासून ती नेमबाजीच्या बातम्या वाचते. ५ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये महेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंग नारुका यांचं स्कीटच्या मिश्र सांघिक प्रकारातलं ब्राँझपदक ४३-४४ असं एका गुणानं हुकलं. तो सामना तिनं मोबाइलवर पाहिला होता. "एक तबकडी, मोठी आई! फक्त एक!" हे तिनं मला किती वेळा सांगितलं असेल.

आमच्या जिल्ह्यात बंदूक म्हटली की आठवतं काय? २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव-पांढरकवडा भागात मारली गेलेली अवनी वाघीण. तिच्यावर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता आणि त्या भागातल्या बाया किती महिने जीव मुठीत धरून वावरात जात होत्या. नाहीतर आठवतात रानडुकरं, रोही आणि रात्रीची जागल. बंदूक म्हणजे भीती, बंदूक म्हणजे बाप्यांचं काम. ती खेळाची वस्तू असू शकते आणि तो खेळ मुलीही खेळतात, हे ओसरीवरच्या कुणाच्या गावीही नव्हतं. पोरीच्या प्रश्नाला हसून चालणार नव्हतं. म्हणून मी जरा खोलात शिरले.

आधी खेळच समजून घेऊ. पूर्वी खरी कबुतरं पिंजऱ्यातून सोडून मारत. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येसुद्धा असा प्रकार झाला होता. पुढे कबुतरांच्या जागी मातीच्या तबकड्या आल्या, म्हणून नाव पडलं 'क्ले पिजन', मातीचं कबूतर. आजची तबकडी चुनखडीची भुकटी आणि डांबरासारखा पदार्थ मिसळून करतात. व्यास ११० मिलिमीटर, वजन साधारण १०५ ग्रॅम. आपल्या चहाच्या बशीपेक्षा लहानच. ट्रॅपमध्ये ती नेमबाजाच्या समोरच्या खंदकातून सुटते आणि दूर पळते. कोणत्या दिशेला, ते आधी माहीत नसतं. गोळ्या दोन झाडता येतात. स्कीटमध्ये दोन बाजूंच्या दोन घरांतून तबकड्या आडव्या उडतात आणि तबकडी दिसेपर्यंत बंदूक कमरेशी धरून थांबावं लागतं.

या खेळात बायकांचा इतिहास मोठा मजेशीर आहे, आणि चीड आणणाराही. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्कीट स्त्री-पुरुषांसाठी एकत्र होतं. चीनच्या झांग शान या मुलीनं अंतिम फेरीआधी २०० पैकी २०० तबकड्या फोडल्या आणि सगळ्या पुरुषांना मागे टाकून सुवर्ण घेतलं. पुढच्या, १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये स्कीट फक्त पुरुषांसाठी ठेवलं गेलं! बायकांचं ट्रॅप आणि स्कीट ऑलिंपिकमध्ये आलं ते २००० साली, सिडनीत. तेव्हाही पात्रता फेरीत पुरुषांना १२५ तबकड्या आणि बायकांना ७५. ही संख्या सारखी झाली ती २०१८ पासून. म्हणजे बाईनं बंदूक चांगली पेलून दाखवली, तरी दार बंद झालं होतं. आहे की नाही गंमत?

आता पुतणीच्या प्रश्नाकडे येते. घरातली बंदूक चालेल का?

दिरांनी परवाना आणि बंदूक दोन्ही बाहेर काढली. बंदूक मधून मोडून, नळ्या रिकाम्या आहेत हे सगळ्यांना दाखवलं. ही सवय घरात असलेल्या प्रत्येकानं लावून घ्यावी. बंदूक बारा बोअरची, दुनळी, दोन्ही नळ्या शेजारी शेजारी. सासऱ्यांनी ती पिकाच्या राखणीसाठी घेतलेली. खेळातली बंदूकही बारा बोअरचीच असते, पण तिच्या नळ्या एकावर एक असतात, म्हणजे डोळ्यासमोर एकच रेघ येते. ट्रॅपच्या बंदुकीच्या नळ्या लांब, ३० ते ३२ इंचांच्या. त्यांच्या तोंडाशी आतून आवळ दिलेला असतो, त्याला चोक म्हणतात. आवळ जास्त तितके छर्रे लांबवर एकत्र राहतात, आणि पळती तबकडी लांबच फोडायची असते. स्कीटमध्ये तबकडी जवळून जाते, तिथे मोकळा चोक लागतो.

काडतुसांचा फरक त्याहून मोठा. रानडुकरासाठी मोठे छर्रे. तबकडीसाठी बारीक, २.६ मिलिमीटरपेक्षा जाड नाहीत, आणि एका काडतुसात एकूण २४ ग्रॅम. शिवाय जुन्या बंदुकीत काडतूस बसण्याची जागा बहुधा ६५ मिलिमीटरची असते आणि आजची बरीच काडतुसं ७० ची. ती बसतात, पण फुटताना आत दाब वाढतो. जुनी बंदूक कोणत्या काडतुसाला चालते ते नळीखालच्या खुणांवरून आणि जाणत्या कारागिराकडून तपासल्याशिवाय ती उडवूच नये. आणखी एक. वीस बोअरचं काडतूस चुकून बारा बोअरच्या नळीत गेलं तर ते पुढे घसरून अडकतं. मागे दुसरं घालून चाप ओढला की नळी हातात फुटते. म्हणून वीस बोअरची काडतुसं पिवळ्या रंगाची करतात. हा रंग घरातल्या बाईलाही माहीत हवा.

मग पुतणीनं रिकामी बंदूक भिंतीकडे तोंड करून खांद्याला लावली. तिथंच सगळं कळलं. दस्ता तिला लांब होता. मान पुढे ताणली तरी गाल नीट टेकेना आणि डोळा नळीच्या रेषेत येईना. नेहमीचा दस्ता साधारण साडेचौदा इंचांचा, मध्यम उंचीच्या पुरुषाच्या हातासाठी केलेला. बाईचे हात आखूड, मान तुलनेनं लांब, खांद्याची आणि छातीची ठेवण वेगळी. दस्ता बसला नाही तर धक्का गालफडावर बसतो, खांदा काळानिळा होतो आणि मुलगी म्हणते, 'मला नाही जमत.' जमत नाही ती बंदूक, मुलगी नव्हे. शिवणकाम करणाऱ्या कुणालाही हे पटेल. दुसऱ्याच्या मापाचं ब्लाऊज अंगावर बसत नाही म्हणून आपण आपल्या अंगाला दोष देतो का?

माप बघायची साधी युक्ती अशी. डोळे मिटून रिकामी बंदूक खांद्याला लावायची, मग डोळे उघडायचे. नळीवरची पट्टी सरळ दिसली आणि अंगठा व नाक यांच्यात दोनेक बोटांचं अंतर राहिलं तर दस्ता बराचसा जमला. वजन मात्र फार कमी नको. खेळाच्या बंदुका साडेतीन-चार किलोच्या असतात, कारण वजनच धक्का पिऊन टाकतं. दोन-दोनशे बार काढायचे तर हलकी बंदूक वैरीण ठरते.

हे सगळं चाललेलं असताना सासूबाई पहिल्यांदा बोलल्या. "नळीले खालच्या अंगानं बोट लावून पाहा वं. तिथं गंज धरते."

आणि खरंच, तिथे बारीक ठिपका होता!

तेव्हा कळलं की तीस वर्षं ही बंदूक पुसली कुणी. सासऱ्यांनी चालवली, निगा राखली ती सासूबाईंनी. आधी त्या खोबरेल लावत. थंडीत ते थिजून चिकटायचं, धूळ धरायची. मग त्यांनी स्वतःच्या डोक्यानं शिलाई मशीनचं तेल लावायला सुरुवात केली. बरोबर तेच! बंदुकीला पातळ खनिज तेलच लागतं, आणि तेही अगदी थोडं. पावसाळ्यात कापडी खोळीत ठेवली की ओल धरते, हेही त्यांच्याच ध्यानात आलं. म्हणून आषाढात त्या ती खोळीतून काढून कोरड्या कापडात कपाटात ठेवत, काडतुसं वेगळ्या कुलपात. जाणकार नेमबाज आजही हेच सांगतात: बार काढल्यावर नळीतून ब्रश फिरवून दारूची आणि प्लॅस्टिकची काजळी काढा, कोरडं फडकं फिरवा, तेलाचा हलका हात द्या, बिजागरीला थोडं ग्रीस लावा, हाताचा घाम लागलेली जागा पुसा. छर्रे शिशाचे असतात, म्हणून हात साबणानं धुतल्याशिवाय खाण्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. ही शेवटची सूचना पोरांच्या आयांनी तर विसरूच नये.

मी विचारलं, "आई, तुम्ही कधी चालवली का हो?"

"मी काहून चालवू बाई? मले तं पुसाचंच काम होतं."

सासरे गेले तेव्हा नियमाप्रमाणे बंदूक जमा झाली आणि वारसाच्या नावावर परवान्याचा अर्ज झाला. अर्ज दिरांचा. सासूबाईंना कुणी विचारलंदेखील नाही. मीही नाही, हे कबूल करते. कायद्यानं बाईला परवाना मागायला कुठेही आडकाठी नाही. आडकाठी आपल्या ओसरीवर आहे.

पण मग पुतणीला काय सांगायचं? पहिलं हे, की आजोबांची बंदूक तिच्यासाठी नाही. परवाना ज्याच्या नावावर, हत्यार त्याच्याच हाती. २१ वर्षांखाली परवाना मिळत नाही, नेमबाजीच्या सरावासाठी नियमात वेगळी सोय आहे, पण ती क्लब आणि संघटनेमार्फत. आणि वावरात तबकड्या उडवणं हा खेळ नाही, गुन्हा आणि अपघात दोन्हींना आमंत्रण आहे.

मग नवी घ्यायची? खेळाच्या चांगल्या परदेशी बंदुका काही लाखांच्या घरात जातात. बंदूक एकदाच घ्यावी लागते, काडतुसं रोज. ट्रॅपच्या १२५ तबकड्यांसाठी २५० पर्यंत काडतुसं लागू शकतात, आणि तो झाला एका स्पर्धेचा हिशेब. कापसाच्या कोणत्या भावात हे बसवायचं?

म्हणून मी पाहिलं, की ज्या मुली पुढे आल्या त्या कुठून आल्या. २०१२ ला लंडनला गेलेली शगुन चौधरी ही शॉटगनमधली आपली पहिली ऑलिंपिकपटू, जयपूरची. श्रेयसी सिंहचे वडील रायफल संघटनेचे अध्यक्ष होते. राजेश्वरी कुमारीचे वडील रणधीर सिंह, १९७८ च्या आशियाई स्पर्धेचे ट्रॅपमधले सुवर्णविजेते. या मुलींचे कष्ट खरे आहेत, पण त्यांना बंदूक आणि रेंज शोधत फिरावं लागलं नाही.

आता दुसरं चित्र. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताच्या महिलांनी ट्रॅपमध्ये सांघिक रौप्य मिळवलं. संघात राजेश्वरीसोबत मनीषा कीर होती, भोपाळच्या एका मच्छीमाराची मुलगी. आणि इटारसीची प्रीती रजक, जिच्या वडिलांचं ड्रायक्लीनिंगचं दुकान. त्यांच्या घरी ना रेंज ना बंदूक. त्यांना बंदूक, काडतुसं आणि प्रशिक्षक दिले ते मध्य प्रदेशच्या सरकारी नेमबाजी अकादमीनं. प्रीती पुढे लष्करात गेली आणि जानेवारी २०२४ मध्ये भारतीय लष्करातली पहिली महिला सुभेदार झाली.

भोपाळ नागपूरहून एका रात्रीच्या गाडीवर आहे. तिथल्या मच्छीमाराच्या मुलीला जे मिळतं ते इथल्या शेतकऱ्याच्या मुलीला का मिळू नये?

महाराष्ट्रात नेमबाज मुली नाहीत असं कोण म्हणेल? अंजली भागवत, २०१० ची जगज्जेती तेजस्विनी सावंत, २०१८ ची आशियाई सुवर्णविजेती राही सरनोबत. पण ही सगळी नावं रायफल आणि पिस्तुलाची. ते योग्यही आहे, कारण दहा मीटरची रेंज शाळेच्या एखाद्या हॉलमध्येही होते. शॉटगनला मोकळं माळरान लागतं, तबकड्या फेकणारी यंत्रं लागतात, छर्रे पडतील तिथे दूरवर माणूस-जनावर नको. मोकळी जागा आमच्या विदर्भात काही कमी नाही. कमी आहे ते 'हा खेळ आपल्या मुलींचा आहे' असं वाटणं.

कुणी म्हणेल, शेतकरी आत्महत्यांच्या जिल्ह्यात कसली नेमबाजीची थेरं? हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. पण खेळाकडे आपण चैन म्हणून पाहतो, तिथेच चुकतो. २०२४ च्या ब्राँझपदकाआधी कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेच्या हाताला रेल्वेची नोकरी होती, प्रीतीला लष्कराची मिळाली. कोरडवाहू घरातल्या मुलीसाठी खेळ हा नोकरीचा एक रस्ता आहे. फक्त तो रस्ता बापाच्या खिशातून जाऊ नये. विदर्भात एक सरकारी ट्रॅप-स्कीट रेंज, मुलींच्या मापाचे दस्ते असलेल्या चार-सहा अकादमीच्या बंदुका आणि मोजून दिलेली काडतुसं, एवढी मागणी खूप आहे का?

तोवर पुतणीला मी सांगितलं आहे: एनसीसीची रायफल सोडू नकोस, एअर रायफलनं पाया पक्का कर आणि भोपाळच्या अकादमीच्या निवड चाचणीत बाहेरच्या मुलींना घेतात का याची चौकशी आपण दोघी मिळून करू. जाऊबाईंचे डोळे अजून थोडे वटारलेलेच आहेत.

निघताना सासूबाईंनी नातीला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता म्हणतील, पोरीच्या जातीला हे शोभत नाही. त्या म्हणाल्या, "जाशील तं जा. पण तिथली बंदूक भेटली, तं खोबऱ्याचं तेल नको लावू म्हणा."