मातीची गाडी आणि सोन्याचा फास

सानपाड्यांतील शेतकरी, कोळी व कारागीर बांधवांनो आणि मायभगिनींनो,

नाटक म्हणजे घटकाभर करमणूक, असें तुम्ही म्हणतां. आम्ही म्हणतों, नाटक ही रयतेची शाळा आहे; मात्र तींतला कोणता धडा घ्यावयाचा, हें ज्याचें त्यानें ठरविलें पाहिजे. शेजारीं वाशीस विष्णुदास भावे नाट्यगृह आहे. तेथें खुशाल जा. पण पैसा कोणाच्या हातून कोणाच्या हातीं गेला, याचा हिशेब मांडल्याशिवाय उठूं नका.

प्रथम हरिश्चंद्राचें नाटक घ्या. राज्य देऊन झालें, तरी दक्षिणेचें देणें उरलेंच. तें फेडण्यासाठीं राजानें बायको विकली, पोटचा मुलगा विकला, स्वतः स्मशानांत डोंबाचा चाकर झाला. आमच्या आयाबाया डोळ्यांस पदर लावतात, राजाच्या सत्त्वाची तारीफ होते. पण हें देणें मुळांत वाजवी होतें काय, असा सवाल मांडवांत कोणी करतो काय? कर्जदारानें सत्त्व राखावें, हें आम्हांस पिढ्यान् पिढ्या शिकविलें गेलें. घेणेकऱ्यानें न्याय राखावा, हें मात्र कोणीं शिकविलें नाहीं!

आतां शूद्रकाचें ‘मृच्छकटिक’ पाहा. गोविंद बल्लाळ देवलांनीं तें मराठी रंगभूमीवर आणलें. दरिद्री झालेल्या चारुदत्ताचें पोर मातीची गाडी नको, सोन्याची हवी, म्हणून रडतें. वसंतसेना कळवळून आपले दागिने त्या मातीच्या गाडींत घालते. पुढें तेच दागिने न्यायसभेंत बापाविरुद्ध पुरावा ठरतात आणि निरपराध चारुदत्तास वधासाठीं नेतात.

बांधवांनो, ही गोष्ट आमचीच नव्हे काय? खाडीकांठीं आमचीही मातीची गाडी होती: भाताचीं खाचरें, मिठागरें, खाडीची मासळी. १९७० सालीं सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठीं ९५ गांवांच्या जमिनी घेण्याचें ठरलें. वाजवी मोबदल्यासाठीं दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालीं लोक रस्त्यावर उतरले. जानेवारी १९८४ मध्यें उरण तालुक्यांत पोलिसांच्या गोळीबारांत पांच जणांनीं प्राण दिले. त्या रक्ताच्या मोलानें साडेबारा टक्के भूखंडाची योजना पदरांत पडली.

आणि त्या मोलाचें आम्हीं केलें काय? हळदीच्या एका रात्रीं मांडव, मटण, बाटल्या, वाजंत्री! शेजाऱ्यानें पांचशें पानें उठविलीं, म्हणून आमचीं हजार. शिल्लक सरली कीं खाजगी कर्ज. शेंकडा तीन रुपये दरमहा व्याजानें पांच लाख घेतले, तर महिन्यास १५,००० आणि वर्षास १,८०,००० नुसतें व्याज; तीन वर्षांत ५,४०,००० भरले, तरी मुद्दल जागच्या जागीं! मग उरल्यासुरल्या हक्काच्या कागदावर न वाचतां सही. हाच तो सोन्याचा फास. आणि तो आमच्या गळ्यांत घालण्यास आम्हींच मान पुढें केली.

खरा धडा जोतीराव फुल्यांच्या ‘तृतीय रत्न’ नाटकांत आहे. तें १८५५ सालीं लिहिलें गेलें. दक्षिणा प्राइज कमिटीनें तें नाकारलें आणि शंभराहून अधिक वर्षें तें छापूनही आलें नाहीं. त्यांत जोशी एका गरोदर कुणबिणीस ग्रहांचें भय घालून घरास खर्चांत पाडतो. भय, देखावा आणि अज्ञान, कर्ज याच तीन दारांनीं घरांत शिरतें, हें जोतीरावांनीं ओळखलें होतें. शेवटीं त्या नवराबायकोस कोणी दानशूर येऊन सोडवीत नाहीं. तीं दोघें शाळेची वाट धरतात.

म्हणून आमचें सांगणें रोखठोक आहे. कर्ज काढून हळद करूं नका. गांवकीनें बसून खर्चाची मर्यादा बांधावी. कोणताही कागद घरांतल्या शिकलेल्या मुलीकडून अक्षरन् अक्षर वाचून घेतल्याशिवाय सही करूं नका. भूखंडाच्या कागदावर घरधनिणीचें नांव घाला. आणि हातीं पैसा येईल, त्यांतला पहिला वांटा पोरांच्या विद्येचा.

नाटकांत ऐन वेळीं वसंतसेना धांवत येते आणि चारुदत्त वांचतो. सानपाड्याच्या वेशींतून अशी कोणी यावयाची नाहीं. आपला फास आपणच सोडविला पाहिजे!