संग्रामदुर्ग पाठ, आजोबा अज्ञात

१६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी चाकणचा संग्रामदुर्ग शाइस्ताखानाविरुद्ध सुमारे ५५ दिवस लढवला, हे पिंपरी-चिंचवडच्या इतिहासप्रेमी तरुणाला तोंडपाठ असते. सप्टेंबर १९८९ मध्ये टेल्कोचे संपकरी शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले, तेव्हा त्याच कारखान्यात राबणारे आपले आजोबा कुठे होते, हे मात्र त्याने कधी विचारलेले नसते.

वर्तमानपत्रांत कामगारनेते राजन नायर सापडतात. वाण्याची उधारी कशी फिटली, कामावर गेलेल्या शेजाऱ्याशी अबोला किती वर्षे टिकला, हे सापडत नाही.

आठवणी अविश्वसनीय, असा आक्षेप येतो. मग सभासदाची बखर? तीही शिवछत्रपतींच्या निधनानंतर सुमारे दीड दशकाने, बव्हंशी स्मरणावर लिहिलेली. ती चिकित्सेने वाचावी आणि आजोबांना ऐकूच नये, हा कोणता न्याय? संपातला पंचविशीचा कामगार आज साठीपलीकडे आहे. ध्वनिमुद्रक तर प्रत्येकाच्या खिशात आहे.